सुधारकांनी सरळ केलेल्या तारा

सुधारक कुणाच्या घरी गेले की आधी स्पीकरच्या पेटीवर बोटाने टकटक करून बघत आणि मग यजमानांकडे वळत. यजमानांच्या तब्येतीची चौकशी ते करत नसत; पेटीच्या तब्येतीचं निदान मात्र तिथल्या तिथे मिळे. "आतले कपॅसिटर वाळलेत," असं ते चहा येण्याआधीच सांगून टाकत. त्यानंतर त्या घरात चहाकडे कुणाचं लक्ष राहत नसे.

पुण्याला सुधारकांचा तोटा कधीच नव्हता. बाकीच्यांनी समाज हाती घेतला, आमच्या गृहस्थांनी स्पीकर घेतले, त्यामुळे निदान परिणाम ऐकू तरी येत असे. 'सुधारक' हे नाव त्यांना रविवारी गाणी ऐकायला जमणाऱ्या आमच्या मंडळींनी दिलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं, आणि त्यातला टोमणा वगळून उरलेलं त्यांनी मान्य केलं होतं. पिंपरीच्या एका कारखान्यात माल तपासून नापास करण्यात त्यांची नोकरीची सगळी वर्षं गेली. निवृत्तीनंतर नापास करायला माल उरला नाही, म्हणून ते कात्रजला आमच्या सोसायटीत राहायला आले.

स्पीकरच्या पेटीत क्रॉसओव्हर नावाची एक छोटी पाटी असते. बारीक सूर वरच्या लहान स्पीकरकडे आणि जाड सूर खालच्या मोठ्या स्पीकरकडे पाठवायचे, एवढंच तिचं काम. चौकातल्या पोलिसासारखं, फरक इतकाच की ती जागेवर सापडते. सुधारकांचा सगळा राग या पाटीवर होता. "कंपनीने इथे पैसे वाचवलेत. ते आता आपण खर्च करायचे," असं म्हणून ते पाटीवरचे मूळचे बोटाच्या पेराएवढे कपॅसिटर काढत आणि लिंबाएवढे नवे बसवत. खर्च अर्थातच पेटीच्या मालकाचा.

हे नवे कपॅसिटर आणायला ते बुधवार पेठेत जात आणि सोबत स्वतःचा मीटर नेत. काउंटरवर एकेक नग मोजून बघत. मागे रांग वाढत असे. एकदा दुकानदार वैतागून म्हणाला, "काका, घेताय की पीएचडी करताय?"

सुधारक मीटरवरून नजर न काढता म्हणाले, "तुम्ही विकताय की खपवताय, ते आधी ठरू द्या."

त्यांच्या घरी गाणं ऐकणं म्हणजे तोंडी परीक्षा असे. नवे भाग बसवलेली पेटी वाजायला लागली की ते गाण्याकडे न बघता आमच्या चेहऱ्यांकडे बघत. कुणी नुसतं "छान" म्हटलं तर "छान म्हणजे काय?" असा प्रश्न येई. आम्ही हळूहळू "खुललंय", "पडदा दूर झाला" वगैरे उत्तरं पाठ केली होती. पास व्हायला ती पुरत.

या परीक्षेत एकदाच एक माणूस खरं बोलला. ते वानखेडे. मूळचे अमरावतीचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, येरवड्याला राहणारे. त्यांच्या पेट्या सुधारकांनी नुकत्याच उघडून सुधारल्या होत्या. नेहमीची ठुमरी लावली. सगळे माना डोलवत होते. वानखेडे अवघडून म्हणाले, "राग नका मानू, साहेब. आधी ह्या बाई समोर बसून गायच्या. आता मागच्या खोलीतून गाऊन राहिल्या."

सुधारक म्हणाले, "बाई आहेत तिथेच आहेत. तुम्ही कान तपासून घ्या."

लोक हसले. वानखेडेही हसले, आणि पुढच्या रविवारपासून यायचे बंद झाले.

दोन वर्षांनी सुधारकांनी आवाज मोजायचा एक माइक मागवला. हेतू स्वच्छ होता: आपलं काम किती बिनचूक आहे याचा पुरावा हवा होता. साक्षीदार म्हणून मला बोलावलं. आमच्याच मंडळींपैकी एकाची, त्यांनीच सुधारलेली पेटी समोर ठेवली. लॅपटॉपवर रेघ उमटली, आणि नेमकी जिथे गाणाऱ्याचा आवाज असतो तिथे एक खोल खड्डा दिसला. पुणेकराला खड्डा ओळखायला वेळ लागत नाही. सुधारकांनी माइक हलवला, खिडकी लावली, पंखा बंद केला. खड्डा होता तिथेच होता.

मग त्यांनी पेटी उघडली आणि बराच वेळ आत बघत राहिले. "या लहान स्पीकरच्या तारा कारखान्यात उलट्या जोडलेल्या होत्या," ते म्हणाले. "प्लसची मायनसला. मला वाटलं, गलथानपणा. मी सरळ केल्या." त्यांनी त्या पुन्हा उलट्या जोडल्या, पुन्हा मोजलं. खड्डा नाहीसा झाला. या जातीच्या पाटीतून निघताना दोन स्पीकरांची पावलं उलट पडतात आणि त्यांचे सूर एकमेकांना खातात, म्हणून बनवणाऱ्याने एकाच्या तारा मुद्दाम फिरवलेल्या असतात. आयुष्यभर चुका शोधलेल्या माणसाला ती चूकच दिसली होती, आणि ज्या ज्या घरी दिसली तिथे तिथे त्यांनी ती दुरुस्त केली होती.

पुढचे काही आठवडे ते घरोघर जाऊन आले. कारण काय सांगत, तर "सर्व्हिसिंग". आत जाऊन गुपचूप तारा फिरवत. बिघडवल्यावर ज्यांनी वाहवा केली होती त्यांनी दुरुस्त केल्यावरही तितकीच वाहवा केली. कुणाला काही कळलं नाही. मला वाटलं, प्रकरण मिटलं. तर ते म्हणाले, "येरवडा राहिलाय. तुम्ही सोबत चला. फक्त बसा, बोलू नका. तुम्हाला ते जमत नाही, ठाऊक आहे मला."

पुढे सुधारक वारले तेव्हा मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांच्या शिस्तीबद्दल बरंच लिहून आलं. मला मात्र येरवड्याला जातानाची ती रिक्षा आठवते. पिशवी मांडीवर घेऊन ते ताठ बसले होते आणि प्रत्येक सिग्नलला "आज राहू दे का?" असं विचारत होते. हा प्रश्न मी त्यांच्या तोंडून त्याआधी कधी ऐकला नव्हता.

दार वानखेडेवहिनींनी उघडलं. वानखेडे टीव्हीसमोर बसले होते. बातम्या चालू होत्या, आवाज पूर्ण बंद. दोन्ही पेट्यांवर मनीप्लांटच्या कुंड्या होत्या. वहिनीच म्हणाल्या, "हे आता काही ऐकतच नाहीत. लग्नाकार्याला येत नाहीत. नागपूरहून यांच्या बहिणीचा फोन आला तरी माझ्याच हातात देतात."

"तपासले का कान?" मी विचारलं. बोलायचं नाही हे विसरलो होतो.

"नाही गेलो," वानखेडे म्हणाले. "खरंच निघालं असतं तर?"

सुधारकांनी पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला. "मी दोन तऱ्हेने वाजवतो. कोणती बरी वाटते ते सांगा."

"मी परीक्षा नाही देणार, साहेब."

सुधारकांचा हात तिथेच थांबला. मोजल्याशिवाय मत द्यायचं नाही, असा माणूस. त्यांनी घसा साफ केला. "तुमचे कान बरोबर होते. चूक माझी होती. तारा मी चुकीच्या जोडल्या."

वानखेड्यांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग वहिनींकडे. "हिनं बोलावलं तुम्हाला? समजूत काढायला आले काय?"

जन्मात पहिल्यांदा माफी मागितली की ही पंचाईत होते. ऐकणाऱ्याला खरी वाटत नाही. सुधारक लाल झाले. मला वाटलं, आता उठतील आणि येरवड्याशी संबंध संपेल. ते उठले, कुंडी खाली ठेवली आणि पेटी उघडायला बसले. तारा मागून बाहेर काढल्या, पेटीमागे जमिनीवर मांडी घातली. वहिनींनी तीच ठुमरी लावली.

वानखेडे खिडकीबाहेर बघत होते. पेटीमागे तारा फिरल्या. वानखेड्यांची मान वळली.

"आल्या," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "गेल्या." मग पुन्हा, "आल्या, आल्या."

सुधारकांनी पेटीमागे खुडबुड केली. गाणं चालू राहिलं.

"आता काही केलं नाही तुम्ही," वानखेडे म्हणाले. "उगाच हात हलवून राहिले."

"नाही केलं," पेटीमागून आवाज आला.

वानखेड्यांनी स्वतः उठून गाणं बंद केलं. "तुम्ही एक वाक्य बोलून गेले, साहेब. मी दोन वर्षं तेच ऐकत बसलो."

सुधारकांनी दोन्ही पेट्यांच्या तारा पक्क्या केल्या, स्क्रू आवळले, कुंड्या उचलून गॅलरीत नेऊन ठेवल्या. चहा कुणी विचारला नाही. आम्ही चपला घालत असताना वानखेडे दारापर्यंत आले.

"बाकीच्यांच्या पेट्यांतही हेच केलं होतं?"

"हो. केल्या दुरुस्त."

"काय सांगितलं त्यांना?"

"सर्व्हिसिंग."

"मग मलाच कशाला खरं सांगायला आले?"

सुधारक चपलेचा पट्टा ओढत म्हणाले, "तुम्हाला ऐकू येतं."

आम्ही जिना उतरायला लागलो. पहिल्या वळणावर सुधारक कठड्याला धरून उभे राहिले. मला वाटलं, दम लागला. वर दार अजून उघडंच होतं आणि आतून वानखेड्यांचा मोठा आवाज येत होता: "हो गं, मीच बोलून राहिलो! तू सांग ना, ऐकू येते मले!"

पलीकडून बहिणीने बरंच काही सांगितलं असावं, कारण वानखेडे मध्येमध्ये नुसते हसत होते. सुधारक तसेच उभे होते. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"उतरा," ते म्हणाले. "दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकू नये."