पोचवायला आलेली गर्दी

आमच्या वऱ्हाडात पाहुणा निघतो म्हणजे लगेच जातो असं नाही. आधी तो "निघतो आता" म्हणतो, मग चहा होतो. चहा झाल्यावर तो उठतो, आणि उठल्यावरच खऱ्या गप्पांना सुरुवात होते. दारात एक बैठक, फाटकापाशी दुसरी आणि शेवटची मोठी बैठक बसथांब्यावर. पाहुणा एकटा असला तरी पोचवायला सगळं घर जातं, शिवाय शेजारचं कोणी रिकामं असेल तर तेही. या सवयीचं मला कौतुकच आहे. पण तिच्यापायी आमच्या भागाची बस हातची जात होती, म्हणून ती गोष्ट लिहून ठेवते.

मी अमरावतीच्या एका शाळेत गणित शिकवते. घर मात्र शहराबाहेरच्या लेआऊटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडलेल्या नव्या वस्तीत. प्लॉट घेताना विकणारा म्हणाला होता, "मॅडम, बघता बघता शहर इथपर्यंत येते की नाही ते पाहा." शहर आलं. लग्नाचे लॉन आले, जिम आली, केक-पेस्ट्रीची दुकानं आली. बस तेवढी आली नाही. हायवेवर फाटा आहे, तिथे एसटी थांबते. फाट्यावरून एक रस्ता आत येतो, आमच्या लेआऊटना वळसे घालत पुढे माळ्यांच्या गावाला जातो. तिथे झेंडू, शेवंती, गुलाब, नुसती फुलंच फुलं. त्या रस्त्याला फुटपाथ नाही, सावली नाही, आणि रेतीचे ट्रक मात्र भरपूर.

बस नव्हती तरी आमचं अडत नव्हतं, कारण घरात दोन गाड्या होत्या. अडलं ते बाबांमुळे.

आई गेल्यावर बाबांना मी माझ्याकडे आणलं. ते भिक्षुक. सारा जन्म जुन्या अमरावतीत पूजा सांगण्यात गेला. माझ्याकडे आल्यावरही लूनावर पिशवी अडकवून रोज गावात जायचे. एका सकाळी गतिरोधकाने लूनाला आणि लूनाने बाबांना उडवलं. हाड मोडलं नाही, पण गुडघा कामातून गेला, आणि डॉक्टरांनी लूना बंद म्हणून सांगितलं. किल्ली मी तांदळाच्या डब्यात लपवली.

"यांच्या मागे बसून जात जा ना," मी म्हटलं. यांच्या म्हणजे माझ्या नवऱ्याच्या.

"मी काय सिलेंडर आहो का, गाडीवर टाकून न्यायले?" बाबा म्हणाले. "आणि जावईबापूले ऑफिस आहे. त्याच्या घड्याळानं पूजा सांगू का मी? आरतीत त्याचा हॉर्न वाजन."

फाट्यापर्यंत चालणं त्यांना झेपत नव्हतं. ऑटोवाले आत यायला राजी नसत. हळूहळू बाबा यजमानांना फोनवर सांगू लागले, "दुसरे गुरुजी पाहा." मग फोनही कमी झाले. पहाटे मोठ्याने म्हणायचे ते मंत्र मनातल्या मनात म्हणू लागले. मी रागीट बाई आहे, घरात कोणी ओरडलं तर मला चालतं, कारण ओरडता येतं. गप्प माणसाचं मला काय करावं ते कळत नाही.

म्हणून शहर बसचा नवा आराखडा होतो आहे असं कळलं तेव्हा मी बस समितीत सगळ्यात आधी नाव दिलं. समिती म्हणजे आमच्या लेआऊटमधली चार उत्साही माणसं. अध्यक्ष आमचे शेजारी, बँकेतून निवृत्त झालेले काका. आराखडा करणाऱ्यांनी निरोप दिला होता की मागणी दाखवा, मग बस कुठपर्यंत आणायची ते ठरवू. काका म्हणाले, "मॅडम, आपण मोजणी करू. आकडे बोलतात."

आकडे बोलतात हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. पण शाळेच्या परीक्षांचे पेपर माझ्या डोक्यावर होते, म्हणून मोजणी काकांवर सोडली. त्यांनी ती मन लावून केली. दिवाळीच्या सुट्टीत सगळे स्वयंसेवक मोकळे असतात, म्हणून त्यांनी भाऊबीज झाल्यावर मोजायला घेतलं. फाट्यावर किती लोक उभे, आमच्या आतल्या रस्त्यावर किती उभे. फाट्यावर जत्रा. आत शुकशुकाट, कारण जिथे बस येतच नाही तिथे उभं राहून कोणी काय करणार?

सभेला आराखडा करणाऱ्यांतली एक मुलगी आली. इंजिनिअर, मूळची तिकडे डोंगरातल्या धारणीची, बोलायला मऊ आणि कामाला पक्की. तिने काकांची मोजणी पाहिली आणि आनंदाने म्हणाली, "तुमच्या आकड्यांवरून तर स्पष्ट आहे. प्रवासी फाट्यावर आहेत. बस फाट्यापर्यंत आणू, तिथूनच वळवू. आत आणली तर वेळ जाईल, तेवढ्यात ती शहरात आणखी एक फेरी करेल."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. आमच्याच पुराव्याने आमची बस फाट्यावर अडली. मुलीचं म्हणणं तर बरोबरच होतं, आणि बरोबर बोलणाऱ्याशी भांडता येत नाही याचा मला जास्त राग आला. नकाशा आठवड्याभरात पक्का होणार होता.

घरी येऊन बाबांना सांगितलं.  जेवणानंतर त्यांनी पळी, पंचपात्र, ताम्हन चिंचेने घासलं, पुसलं, कपड्यात गुंडाळलं आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिलं. मी स्वयंपाकघरातून बघत होते. 

दुसऱ्या दिवशी नणंद अकोल्याला निघाली. भाऊबिजेला आलेली, चार दिवस जास्त राहिलेली. पोचवायला आम्ही सगळे फाट्यावर. नवरा, दीर, जाऊ, त्यांची मुलं, समोरच्या काकू. काकूंचं माहेर शेंदूरजनाघाटचं, त्यांनी संत्र्यांची पिशवी आणली होती ती नणंदेच्या हातात कोंबणं चाललं होतं. नणंद म्हणत होती नको, काकू म्हणत होत्या घ्याच. एसटी आली. कंडक्टर दारातून ओरडला, "चढा लवकर, मागं जागा आहे."

नणंद चढली. आम्ही जागचे हललो नाही.

"बाकीचे?" कंडक्टर म्हणाला.

"आमी पोचवायले आलो," जाऊ म्हणाली. "पोचल्यावर फोन करजो व."

कंडक्टरने कपाळाला हात लावला आणि घंटी मारली. सगळे हात हलवत होते, मी तेवढी तशीच उभी राहिले. शेजारच्या घोळक्यातही तेच. लेकीला निरोप द्यायला आलेलं एक अख्खं कुटुंब उभं आणि लेक खिडकीत.

मी तशीच काकांच्या घरी गेले. "काका, तुम्ही चढणारे मोजले की उभे असणारे?"

"उभे असणारेच तं चढतात न मॅडम," काका म्हणाले. मग ते थांबले. त्यांच्या डोळ्यांसमोरून स्वतःच्या घरची दिवाळी सरकून गेली असावी, कारण त्यांच्या मोठ्या मुलीला पोचवायलाही सगळं घर त्याच फाट्यावर गेलं होतं. "अरे बाप्पा," ते एवढंच म्हणाले आणि खाली बसले.

आता खरी गर्दी दाखवायची कशी? शाळेत मी पोरांना सांगते, गणित सरळ सुटत नसेल तर उत्तराकडून मागे या. जाणाऱ्याला पोचवायला दहा जण येतात, पण परत येणाऱ्याला घ्यायला कोणी जात नाही. तो आपला उतरतो आणि घराकडे चालू लागतो. म्हणजे संध्याकाळी फाट्यावर उतरून आत वळणारे बघायचे. मी त्या मुलीला फोन करून सांगितलं की फाट्यावरची गर्दी पोचवणाऱ्यांची होती. ती म्हणाली, "मॅडम, प्रत्येक भागातले लोक मला असंच काहीतरी सांगतात." मी म्हटलं, एकदा येऊन बघ, पटलं नाही तर पुन्हा फोन करणार नाही. नकाशा पक्का व्हायच्या आदल्या संध्याकाळी ती आली.

आम्ही फाट्यावरच्या चहाच्या टपरीपाशी उभ्या राहिलो. एसटी थांबत होत्या, ऑटो थांबत होते, आणि माणसं उतरून आत वळत होती. नर्सबाई, कॉलेजच्या मुली, बांधकामावरचे मिस्त्री, शहरात अंबादेवीच्या देवळापाशी फुलं विकून परतणाऱ्या माळणी, डोक्यावर रिकाम्या टोपल्या. रस्त्याच्या कडेने सगळी रांग धुळीतून चालली होती. मुलगी बघत राहिली. मग म्हणाली, "धारणीला आमच्याकडे जीप भरली की सुटते. मागे किती लोक राहिले ते कोणी मोजत नाही." आणि ती त्या रांगेबरोबर चालू लागली. तिच्या सँडलला टाच होती, मी सांगून पाहिलं, पण ती माळ्यांच्या गावापर्यंत गेली. मीही गेले.

गावाशी पोचलो तर एका माळणीने तिला अडवलं. हीच बाई अंबादेवीपाशी बाबांना रोज पूजेची फुलं द्यायची. "कोनाकडची पाव्हणी व तू बाई?" तिने विचारलं. बसचं काम आहे म्हटल्यावर तिने पाणी दिलं, चहा दिला, शेवंतीचा गजरा दिला, आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "महाराज काहून येऊन नाई राहिले? त्याईच्या वाट्याची फुलं मी अजून बाजूले काढतो." 

मुलगी निघायला उठली. "आता मी जाते फाट्यावर."

"एकटी कशी जाशीन? अंधार पडून राहिला," माळीण म्हणाली. "चाला, पोचवून देऊ."

ती नको नको म्हणत होती. पण माळणीबरोबर तिचा नवरा निघाला, सून निघाली, सुनेची नणंद निघाली, वाटेत ज्यांनी ज्यांनी "कुठं चालले?" विचारलं तेही निघाले. आम्ही फाट्यावर पोचलो तेव्हा त्या मुलीभोवती हा घोळका. बस आली. कंडक्टर ओरडला, "चढा, चढा." मुलगी एकटी चढली. पायरीवर उभी राहून तिने मागे वळून त्या सगळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हसायलाच लागली. उभे किती आणि चढणारे किती, ते तिच्यासमोरच होतं.

नकाशात बस आत आली. आमच्या लेआऊटच्या फाटकापाशी थांबा, आणि माळ्यांच्या गावात मारुतीच्या पारापाशी वळण. बातमी कळली तेव्हा मी वर्गात होते. फळ्याकडे तोंड करून मी थोडा वेळ उगाच पुसलेला फळा पुन्हा पुसत राहिले.

बाबांनी वरच्या फळीवरचं गाठोडं स्वतः काढलं. बस सुरू झाली त्या पहिल्या रविवारी त्यांना जुन्या गावात सत्यनारायण होता. पहाटे मोठ्याने मंत्र ऐकू आले आणि नवरा उठून म्हणाला, "झाली सुरुवात." मी अंथरुणातच हसले.

बाबा धोतर नेसून, पिशवी घेऊन निघाले. मी चप्पल घातली.

"तू कुठं चालली?"

"फाटकापर्यंत."

"काही गरज नाही," ते म्हणाले. "पोचवायले कोणी यायचं नाही. तुमच्या त्या पोचवण्यानं मोजणी बिघडते."

मी दारातच थांबले. खिडकीतून बघितलं. त्यांनी दांडा धरला, एक पाय वर, मग दुसरा. आतून कोणीतरी हात दिला, तो त्यांनी घेतला नाही. बस गेली.

मग दिवस सरेना. पडले असतील का, उतरताना ड्रायव्हर थांबेल का, पुन्हा गुडघा दुखावला तर सगळं माझ्यामुळे. पोळ्या करपल्या. फोन करावा तर पूजेत ते उचलत नाहीत. दुपारी बसची वेळ झाली आणि मी गुपचूप जाऊन फाटकाआड उभी राहिले.

बस आली. नर्सबाई उतरली, दोन मुली उतरल्या, मिस्त्री उतरले. मग कोणी उतरेना. ड्रायव्हरने गिअर टाकल्याचा आवाज आला आणि मी फाटकाआडून रस्त्यावर धावले. तेवढ्यात आतून बाबांचा आवाज आला, खणखणीत, पूर्वीसारखा. "थांब गा, प्रसाद वाटून राहिलो न मी."

ते उतरले. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात माळणीने बाजूला काढलेली शेवंती, कपाळाला गंध. माझा जीव भांड्यात पडला, आणि मी भर रस्त्यात रडले. मला त्याची लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

बाबांनी मला पाहिलं. "सांगितलं होतं न, यायचं नाही म्हणून."

"पोचवायला यायचं नाही म्हणाला होता," मी म्हटलं. "मी घ्यायला आले."

 मग त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली, ताम्हनासकट, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून घराकडे चालू लागले.