थंड पडलेली बाजू

गाडीत बसला की तात्या आधी डोळे मिटायचा. मग पोराचा ताप बघावा तसा उलटा हात डॅशबोर्डच्या जाळीवर धरायचा आणि निकाल सांगायचा. तळोज्याच्या आमच्या कारखान्यात मी साहेबांचा ड्रायव्हर, आणि नावड्याचा तात्या मेकॅनिक. कुणी तापमानाचा मीटर काढला की खेकसायचा, "काटा काय सांगनार? कातडी खोटं बोलत नाय."

तोंडाचा महाफटकळ. "गाडी शानी हाय, डायवर येडा," हे त्याचं रोजचं. पण दुपारी माझ्या डब्यात सुकटीची चटणी वाढल्याशिवाय स्वतः घास घेत नसे. मला तो मोठ्या भावासारखा होता, उगाच कशाला लपवू?

साहेबांची गाडी परदेशी. आपल्याकडे हीटर कोण लावतो? पण त्या डिसेंबरात साहेब बायकोला आणि म्हाताऱ्या आईला घेऊन महाबळेश्वरला निघाले होते, म्हणून आदल्या सकाळी लावून पाहिला. उजवीकडे गरम, डावीकडे गार. तात्याने दोन्हीकडे हात धरला, बराच वेळ धरला. मग रेडिएटरचं झाकण काढलं, कडेचा पांढरा थर नखाने खरवडून जिभेला लावला आणि थुंकला.

"खारं पानी कोन भरतो रं?"

मीच भरायचो. नळावर ही रांग, म्हणून खाडीकाठच्या विहिरीचं. वर्षभर. मी विहिरीची बादली पायाने गाडीखाली सरकवली. त्याला काय कळायचं ते कळलं.

"हीटर इंजनच्याच पान्यावर चालतो, त्याच्या अर्ध्या नळ्या मिठानं बुजल्यात. रेडिएटरचं पन तेच. दोन दिस लागतील. साहेबाला सांग, घाटात नको न्यायला. आनि ऐक. गरम बाजू पन गार पडली, तर आत पानी उरलं नाय समज. तितंच थांब."

"सांगतो," मी म्हणालो. घरी आठ दिवसांची मुलगी होती. विहिरीचं पाणी कळलं असतं तर नोकरी गेलीच असती. मी साहेबांना सांगितलं, "तात्याने बघितली. ओके आहे."

आंबेनळी घाटात धुकं होतं. तापमानाच्या काट्याकडे बघायचं मी टाळत होतो. तेवढ्यात बाईसाहेब म्हणाल्या, "अहो, आता दोन्हीकडून गारच हवा येतेय."

तात्याचं बोलणं आठवलं. तरी थांबलो नाही. थांबलो असतो तर का थांबलो ते सांगावं लागलं असतं. पुढच्या चढावर इंजिन जाम झालं. घाबरून मी क्लच दाबला आणि गाडी मागे सरकायला लागली. इंजिन बंद, त्यामुळे ब्रेक दगडासारखा कडक झाला होता. आजी देवाचं नाव घेत होत्या. मागचं चाक कठड्याला थटलं म्हणून आम्ही वाचलो. पलीकडे दरी होती.

परत आल्यावर साहेबांनी तात्याला बोलावलं. "तूच ओके दिली होतीस ना?"

तात्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"हां साहेब," तो म्हणाला. "माजीच चूक."

त्याच दिवशी त्याला काढलं. मी गेटपर्यंत धावलो. "तात्या, मी..."

"पोरगी कशी हाय?" एवढंच विचारून, उत्तराला न थांबता तो नावड्याच्या रस्त्याला लागला.

पुढे तळोज्यात कुणी त्याला गाडीला हात लावू दिला नाही. तो वारला त्या दिवशी त्याच्या अंगणात लोक म्हणत होते, माणूस चांगला, पण त्या एका गाडीत चुकला. मी तिथेच उभा होतो. तेव्हाही बोललो नाही.