हात लावला की गप्प होणारा संगणक

एखाद्या कचेरीत संगणकाचा पंखा घरघरू लागला की आजही मी बोलता बोलता थांबतो आणि कसबा पेठेतलं ते लग्नपत्रिकांचं दुकान जसंच्या तसं डोळ्यांपुढे येतं. तेव्हा मी त्या हद्दीत पोलीस निरीक्षक होतो.

दुकानाचे मालक, साठी उलटलेले गृहस्थ, लेखी अर्ज घेऊन ठाण्यात आले. दुकानातली ऑपरेटर बाई मुद्दाम संगणक बिघडवते, मशीन तव्यासारखं तापतं आणि ऐन लग्नसराईत बंद पडतं, अशी तक्रार.

"पुरावा काय?" मी विचारलं.

"मी खुर्चीवर बसलो की मशीन गप्प. दुरुस्तीवाला बसला की गप्प. मी बाहेरून आलो आणि ही एकटी असली, की घरघर! आता आपणच सांगा, मशीनला काय हिची ॲलर्जी आहे?"

बाई यवतमाळकडची, तिशीतली, आमच्याच हद्दीत खोली घेऊन राहणारी. सरकारी लिपिक म्हणून तिची निवड झाली होती, फक्त पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी बाकी होती. गुन्हा दाखल झाला असता तर ती नेमणूक तिथेच लटकली असती. ओढणीचं टोक मुठीत आवळून ती म्हणाली, "साहेब, सहा वर्षं अभ्यास केला जी. आता मी कायले मशीन बिघडवू?"

मालक हटून बसले, "गुन्हा नोंदवा." आमच्या फौजदारांनाही तेच सरळ वाटत होतं. मी मात्र अर्ज चौकशीवर ठेवला. गुन्हा नोंदवायला अर्धा तास पुरतो. नाव साफ व्हायला वर्षं जातात, हे मी पुष्कळ पाहिलं होतं.

दुसऱ्याच दिवशी शेजारचे बाइंडिंगवाले आपणहून आले. "साहेब, आमच्या दोन दुकानांत फक्त लाकडी पार्टिशन आहे. ती ऑपरेटर बाई चार दिवस गावी गेली होती. मालक दुपारी घरी जेवायला, दुकानाला कुलूप, तरी आत मशीन कोकलतंय! माझं डोकं उठलं, म्हणून लक्षात राहिलं."

मी बाईला पुन्हा बोलावलं. या वेळी मशीनबद्दल काही विचारलंच नाही. "मालक बाहेर गेले की तुम्ही काय करता?"

"प्रूफ वाचते."

"स्क्रीनवर?"

"नाही जी. कागदावर काढते अन् दोनदा वाचते. नवरीच्या नावात चूक झाली तर लग्नघरी काय तोंड दाखवायचं?"

अरेच्चा! म्हणजे त्या सगळ्या वेळात संगणकाला कोणाचा हातच लागत नव्हता.

सायबर शाखेतल्या एका महिला हवालदारांना घेऊन मी साध्या वेशात दुकानात जाऊन बसलो. माऊस सोडला. पाच मिनिटांत पंखा घरघरला. माऊस हलवला, गप्प. चालू प्रोग्रामची यादी उघडली, तिथे सगळे सोवळ्यात! समोर कोणी असताना साळसूद आणि पाठ वळताच उद्योगाला लागणारा इसम मला नोकरीत फार वेळा भेटला होता.

"साहेब, आपण बघतोय हे त्याला कळतंय," हवालदार म्हणाल्या. दर मिनिटाला कोणता प्रोग्राम किती राबतोय, याची आपोआप नोंद होईल अशी सोय त्यांनी लावली. आम्ही समोर जाऊन निवांत चहा घेतला. परत येऊन नोंद वाचली, तर पठ्ठ्या सापडला. नाव सिस्टिमच्या फाइलीसारखं, मुक्काम भलत्याच फोल्डरमध्ये. मालकाच्या विजेवर आणि मशीनवर तो कुणा परक्यासाठी बिटकॉइनसारखी डिजिटल नाणी पाडत होता. जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणाऱ्या एका फुकट सॉफ्टवेअरबरोबर तो आत शिरला होता, तोही दुकानाच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी.

"त्या दिवशी किल्ली कोणाकडे होती?" मी मालकांना विचारलं.

मालक छताकडे बघत म्हणाले, "माझ्याकडे. मी... आत्मचरित्र लिहितोय. जुन्या फॉन्टमध्ये होतं. हिला बदलायला दिलं असतं तर हिने वाचलं असतं ना! म्हणून ते फुकटचं सॉफ्टवेअर मीच उतरवून घेतलं. पण त्यातून हे होईल असं खरंच वाटलं नाही हो."

मला हसू आलं आणि संतापही आला. "अहो, तुमचं गुपित राहिलं, पण हिची नोकरी जात होती!"

ते उठले, कोपऱ्यात प्रूफ घेऊन बसलेल्या तिच्यासमोर गेले आणि म्हणाले, "चुकलो, बाई." मग खाली मान घालून जबाब लिहून दिला आणि अर्ज मागे घेतला. हवालदारांनी तो प्रोग्राम समूळ काढला. त्यानंतर मशीनने चूं केलं नाही.

पंधरा दिवसांनी तिचा पडताळणीचा कागद माझ्या टेबलावर आला. दाखल गुन्ह्यांचा रकाना एरवी कारकून भरतो. त्या दिवशी पेन मी घेतलं आणि स्वतःच्या हाताने लिहिलं, 'निरंक'.

घटनेच्या वेळी जवळ कोण होतं, हे कोणीही सांगतो. ते माणूस तिथे काय करत होतं, हे विचारावं लागतं. ती बाई तिथे चोख काम करत होती आणि नेमकी त्यामुळेच संशयात सापडली होती. माझ्या सेवापुस्तकात बक्षिसांच्या पुष्कळ नोंदी आहेत. या प्रकरणाची एक ओळही नाही, कारण गुन्हा दाखलच झाला नाही. आणि माझ्या सगळ्या नोकरीत मला सर्वांत जास्त अभिमान वाटतो तो याचाच.