दिव्यात तेल कोण घालतंय?

कोणताही नवा गेम हातात आला की उमाताई आधी मागं फिरायच्या. समोर राक्षस उभा असो नाहीतर सोन्याचं दार असो, त्या आपल्या पात्राला वळवून घरांच्या मागच्या बाजूला न्यायच्या, चुलीपाशी न्यायच्या, विहिरीत डोकवायला लावायच्या. तोवर राक्षस येऊन काम तमाम करायचा. त्याचं त्यांना काही वाटायचं नाही. पुन्हा सुरू करायचं आणि पुन्हा घरांच्या मागं. "राक्षस कुटं पळून चाललाय? आधी इथं सैपाक कोण करतंय ते तर बघू द्या," असं म्हणायच्या.

त्यांची माझी पहिली भेट मुलाखतीत झाली. वडिलांच्या आजारपणामुळं मी पुण्यातली नोकरी सोडून परभणीला परत आलो होतो, आणि इथं आपल्या लायकीचं काम मिळणार नाही याची मला पक्की खात्री होती. खत-बियाण्याच्या दुकानावरच्या माडीत एक कंपनी गेम बनवते असं कुणीतरी सांगितलं, तेव्हा मी हसलो होतो. जिना चढून गेलो तर कपाळावर भस्माचे ठळक पट्टे, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी आणि समोर दोन भलेमोठे स्क्रीन, अशी पन्नाशीतली बाई. कंपनी त्यांचीच होती.

मी ऐटीत माझी गुहा दाखवली. पुण्यात फावल्या वेळात केलेली. हजार वर्षं बंद असलेली गुहा, दार उघडताच दोन्ही बाजूंना जळणाऱ्या मशाली, त्यांचा उजेड ओल्या भिंतींवर हलतोय. त्या हलत्या उजेडासाठी मी जिवाचं रान केलं होतं. उमाताईंनी ती शांतपणे पाहिली आणि विचारलं, "हजार वर्षं बंद हाय म्हणता. मग ह्यात तेल कोण घालतंय?"

"जादूच्या मशाली आहेत," मी म्हणालो.

"मग जादू करणारा कुटाय? त्याला दाखवा की. उजेड लय भारी केलाय, मेहनत दिसायलीय. फक्त तेलाचं तेवढं बघा, आन् सोमवारपासून या."

मी घरी जाऊन बायकोला म्हणालो, बाई विक्षिप्त आहे, दोन महिन्यांत कंपनी बसणार. पण सोमवारी गेलो. आणि गेलो ते तिथंच राहिलो.

उमाताई मूळच्या ताडकळसच्या. बरीच वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, मग नोकरी सोडून हा उद्योग मांडला. त्यांच्या मालिकेचं नाव 'नागबारव'. रेवा नावाची मुलगी गावातलं आटलेलं पाणी शोधायला बारवेच्या पायऱ्या उतरत जाते, आणि खाली एक अख्खं राज्य असतं. नागांचं, यक्षांचं, बोलणाऱ्या दगडांचं. चारठाण्याच्या बारवेत वही घेऊन बसून त्यांनी पायरी न् पायरी काढून आणली होती. आणि खालच्या राज्यातली माणसं सगळी ताडकळसच्या आठवडी बाजारातली. एका यक्षाचा चेहरा तर त्यांच्या ओळखीच्या मिरचीवाल्याचा होता. त्याला गेम दाखवला तेव्हा तो म्हणाला म्हणे, ताई, माझी मिशी याच्यापेक्षा चांगली हाय.

दुसऱ्या भागाच्या वेळी आमच्या ऑफिसात भांडण पेटलं. चित्रं रंगवणारा इम्रान पडला शुद्धतावादी. त्याला यक्षांच्या राज्यात तलवार, घोडा आणि मशाल याच्यापुढं एकही वस्तू नको होती. "ताई, राजा-राणीच्या गोष्टीत बिजली कशी काय? सगळी मजा खलास होती," असं तो कळवळून सांगायचा. मला मात्र यंत्रं हवी होती. वीज, वर-खाली नेणारे पाळणे, वाफेवर चालणारी दारं. जादू आहे तर मोटार का नको, असा माझा सवाल. आम्ही दोघं तावातावानं भांडायचो आणि ताई शेंगा फोडत ऐकायच्या.

शेवटी त्यांनी निकाल दिला. "आवंदा बिजली येऊ द्या. गोष्टीत काय बी आणा, माझी ना न्हाई. पण बिघडल्यावर दुरुस्त करणारा तिथंच राहायला पायजे. त्याचं घर दाखवा, त्याची बायको दाखवा, तो जेवायला गेला असंल तर रेवाला थांबावं लागंल." तलवारीलाही हाच नियम. धार लावणारा नसेल तर तिसऱ्या लढाईनंतर तलवार बोथट. इम्रानचं तोंड माझ्याइतकंच पडलं, तेवढंच मला समाधान.

अशी यक्षांच्या राज्यात वीज आली, खांबावर चढणारा एक चिडका यक्ष आला, आणि विजेबरोबर लोडशेडिंगही आलं. वीज आठवडाभर दिवसा, मग आठवडाभर रात्री. त्यानुसार कुठलं दार कधी उघडायचं ते रेवानं ठरवायचं. खेळ तपासायला आम्ही मुंबईच्या काही मुलांना दिला आणि आमच्या गल्लीतल्या मुलांनाही. मुंबईच्या मुलांनी मोठ्या काळजीनं कळवलं की खेळात गंभीर चूक आहे, दिवे मधेच जातात. आमच्या गल्लीतल्या एकाही पोराच्या तोंडून त्याबद्दल अवाक्षर निघालं नाही. तोपर्यंत त्यांनी वेळापत्रक पाठ करून पुढचा दरवाजा गाठला होता. ताई हे आठवून पुढं कितीतरी दिवस हसत होत्या, आणि मी त्या दिवसापासून त्यांना मनोमन मानायला लागलो. या बाईला जादू कळते ती माणसांमुळं, हे मला तेव्हा नीट उमगलं.

तिसऱ्या भागानंतर त्या टेबलाच्या कोपऱ्यावर आपटायला लागल्या. कडेला ठेवलेला चहाचा पेला सांडायला लागल्या. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. बरीच नजर आधीच गेली होती, गेलेली परत येणार नव्हती, आणि उरलेली किती टिकेल याची कुणी हमी देईना. ताईच म्हणाल्या, "कडंचं दिसंना झालंय. मधलं हाय अजून. मधल्यावर चौथा भाग होतोय, कामाला लागा."

चौथा भाग शेवटचा होता. त्यात रेवाला पाणी सापडायचं होतं आणि ती वर यायची होती. तो शेवट ताईंना स्वतःच्या हातानं काढायचा होता. नेमकं त्याच वेळी आमचे गेम बाजारात आणणाऱ्या बेंगळुरूच्या कंपनीनं अट घातली. रेवाच्या हातात मोबाइल द्या, त्यात नकाशा द्या, आजकालची मुलं वाट चुकली की खेळ सोडून देतात. नाहीतर चौथा भाग आम्ही घेणार नाही. दुसरी कंपनी शोधायची तर वर्ष गेलं असतं, आणि ताईंच्या डोळ्यांना तेवढा वेळ नव्हता. इम्रान म्हणाला, नको म्हणून सांगा. मी म्हणालो, देऊन टाका, एक फोनच तर आहे. भाग पुरा होणं महत्त्वाचं.

चार दिवसांनी व्हिडिओवर बेंगळुरूच्या बाईंशी बोलताना ताईंनी आपल्या मराठी वळणाच्या हिंदीत विचारलं की फोन देते, पण तो चार्ज कुठं करायचा? त्या बाई हसल्या. गेममध्ये चार्जिंग कशाला लागतं, म्हणाल्या. "आन् फोन लावला तर पलीकडं उचलतंय कोण?" ताई आमच्याकडं वळून मराठीत म्हणाल्या. "न्हाई, पलीकडं माणूस तर पायजे ना!" मग पुन्हा स्क्रीनकडं वळून त्यांनी एक महिना मागून घेतला.

त्या महिन्यात त्यांनी जे केलं ते आमच्यापैकी कुणाच्या बापजन्मी सुचलं नसतं. यक्षांच्या राज्यात एक पिठाची गिरणी आली. चार्जिंगची सोय फक्त तिथं. लोडशेडिंगच्या काळात आमच्याकडं गावोगाव हेच तर चालायचं, जिथं जनरेटर तिथं सगळ्या गावाचे फोन लटकलेले. रेवा फोन गिरणीत ठेवून पुढं जाते, आणि मागं कुणा यक्षाचा फोन आला की गिरणीवाली यक्षीण पिठाच्या हातानं उचलते. "रेवा न्हाई इथं. तुमी कोण बोलायलेत? निरोप सांगा, देते." आणि रेवा परतली की निरोप देते, पण आपल्या पद्धतीनं. पुलावर साप आहे हा निरोप राहतो बाजूला. आधी सांगते की पलीकडच्या माणसाचा आवाज बसला होता, त्याला काढा पाठवायला पाहिजे. खरी वाट त्या गप्पांतून शोधायची. नकाशा नव्हताच. वरून बघणारं तिथं कुणी नाही तर नकाशा काढला कुणी, हा ताईंचा सवाल होता.

बेंगळुरूच्या बाईंनी तो भाग खेळून पाहिला. त्यांचा निरोप आला की नकाशाचं राहू द्या, पण गिरणीवालीचे निरोप वाढवा. इम्राननं मला कडकडून मिठी मारली. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघं एकाच बाजूला होतो.

शेवटचं चित्र ताईंनी स्क्रीनला नाक लावून काढलं. आम्ही रंग सांगायचो, त्या हात चालवायच्या. रेवा वर येते, बारवेच्या तोंडाशी सकाळ झालेली असते आणि पाणी पायऱ्या चढत तिच्या मागून येत असतं. चित्र झाल्यावर त्या खुर्चीत मागं टेकल्या आणि म्हणाल्या, "झालं बाबा. आता खुशाल जाऊ दे." आणि काही महिन्यांत नजर खरंच गेली.

आता त्या ताडकळसला भावाकडं असतात. इम्रान हैदराबादला गेला. माडीवर मी आणि दोन नवीन मुलं आहोत, दुसऱ्यांची कामं करतो. 'नागबारव'चा पहिला भाग मध्यंतरी नव्या फोनवर उघडेनासा झाला. त्यात आता कुणाचा फायदा उरला नव्हता, पण मला राहवलं नाही. रविवारी बसून नीट केला. पुन्हा काहीतरी बदललं, पुन्हा बंद पडला, पुन्हा नीट केला. हे असंच चाललंय.

परवा ताईंना भेटायला गेलो. बाजाराचा दिवस होता, ओसरीवर बाहेरचा गलका येत होता. "लाव की रेवाला," त्या म्हणाल्या. मी फोन त्यांच्या कानाजवळ धरून पहिला भाग सुरू केला. पायऱ्या उतरण्याचा आवाज आला, कुठंतरी पाणी ठिबकलं. ताई मान वाकडी करून ऐकत होत्या.

"मागं बघितलंस का आधी?"

"बघितलं."

"दिवे जळायलेत?"

"जळायलेत, ताई. सगळे."

"मधी बंद पडला होता म्हणं हा. भावाचा नातू सांगत होता. मग आता तेल कोण घालतंय ह्यात?"

मुलाखतीतल्या त्या प्रश्नाला मी जादूचं उत्तर दिलं होतं. आता खरं उत्तर तोंडात तयारच होतं.

"मी घालायलोय, ताई."

त्यांनी चाचपडत माझा हात धरला आणि फोन आणखी जवळ ओढून घेतला.

"मग चल खाली," त्या म्हणाल्या.