आकारामभावजी आणि साहेबांचे बूट

आज मंगळवार. औंधला यमाईला नारळ वाहून आले. तो कशासाठी बोलले होते, ते लिहून ठेवते.

आमच्या शेजारचे आकारामभावजी फौजेतून दमा घेऊन आले आणि साखर कारखान्यात कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर शिपाई झाले. काम एकच, आत जाणाऱ्याला चपला काढायला लावणं. धुळीनं यंत्र बंद पडतं म्हणे. खोली एसीची, लखलखीत. बारा वर्षं भावजींचा दमाही गप्प होता.

यंत्र कपाटाएवढं, एकच. पण कचेरीत दहा टेबलांवर त्याचे दहा पडदे. आमचे हे त्यातल्या एकावर ऊसतोडीच्या पाळ्या लावत. यंत्र प्रत्येकाकडे क्षणभर बघून पुढच्याकडे वळतं, असं यांनी सांगितलं तेव्हा मला देवळातलं तीर्थ आठवलं. गुरुजी एक, पळी एक, पण ज्याच्या हातावर पडतं त्याला वाटतं, माझ्यासाठीच आलेत.

यंदा, शहाण्णव साली, टेबलाटेबलावर स्वतंत्र कॉम्प्युटर आले. कपाट भंगारात निघालं आणि भावजींची सोमवारपासून बदली ठरली, चिपाडाच्या आवारात. तिथं नुसता भुसा उडतो. त्यांची बायको मनुबाई माझ्या ओट्याशी रडली, "ताई, तिथं हे दोन दिवसबी टिकायचं न्हाईत वो." तेव्हाच मी नारळ बोलले.

त्याआधीच्या शनिवारी नव्या कॉम्प्युटरचं उद्घाटन. चेअरमन हंबीररावांनी बटण दाबलं. पडदा काळाच. इंजिनिअर टेबलाखाली शिरला. दारातून भावजी म्हणाले, "आवं साहेब, पायात बूट हाईत."

"आरं, ह्यो नवा हाय. ह्याला चालत्यात बूट!"

"मग चालंना का?"

साहेबांनी बूट काढले, पुन्हा बटण दाबलं, पडदा उजळला. इंजिनिअर खालून ओरडत होता, "वायर निसटली होती, वायर!" पण टाळ्यांत कोण ऐकतो?

भावजींची बदली रद्द झाली. आता सगळी कचेरी अनवाणी. मुख्य दारात भावजी चपला-बूट ठेवून घेऊन बिल्ले देतात. परवा पुण्याहून कॉम्प्युटर विकणारा आला, त्यालाही बूट काढायला लावले. तो म्हणाला, "कंपनीच्या पुस्तकात असं कुठं नाही." भावजी म्हणाले, "मग लिवा की."

काल मी हळूच विचारलं, "भावजी, खरंच बुटांमुळं?"

"न्हाई वैनी, वायरच. मला दारातनं दिसत हुती लोंबताना."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो आस्तो तर आज भुशात आस्तो."

यमाईला नारळ दिला. वायरीचं तिला सांगितलं नाही. तिला ठाऊक असणारच.