गयामावशींची धुरी

गयामावशी दार कधी वाजवत नसत. थेट हाक, तीही अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी: "हायेस का गं पोरी?" अर्धा जन्म खुलताबादच्या माळावर मेंढरं हाकण्यात गेलेला, हळू बोलणं त्यांना जमतच नसे. मुलगा वाळूजच्या कंपनीत लागला म्हणून त्या बजाजनगरात आल्या आणि माझ्या शेजारी राहिल्या. आमच्यात एकच भिंत, तीही पातळ.

मला फुफ्फुसाचा जुना आजार. पंप उशाशी असतोच. करोना आला आणि माझ्या खोकल्याला गल्ली टरकू लागली. मी खोकले की समोरच्या खिडक्या धडाधड बंद! बायांनो, हा माझा नेहमीचाच खोकला आहे, असं सांगून सांगून थकले. ऐकतंय कोण?

मावशींनी मात्र रोगाचा बंदोबस्त स्वतःच्या हाती घेतला. रोज संध्याकाळी घमेल्यात गोवऱ्यांचे निखारे, वर कडुलिंबाचा पाला नि ऊद, आणि दारोदार धुरी. "मेंढरांत रोग आला की आम्ही आसंच करायचो. लई गुण येतो." माझ्या दारात तर मुद्दाम जास्त वेळ थांबत. मायाच ती! मी आत नाकावर पदर दाबून बसायची. नको म्हणू तरी कशी? माझ्या दाराशी येणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं.

एका संध्याकाळी घमेलं माझ्या दारात ठेवून मावशी ऊद आणायला घरात गेल्या, आणि माझा श्वास अडकला. पंप ओढला, तरी छाती मोकळी होईना. भिंतीवर थापा मारल्या. मावशी धावत आल्या. आधी माझ्याकडे पाहिलं, मग दारातल्या घमेल्याकडे. "आगं बया, मीच मारीत व्हते की तुला!" घमेल्यावर बादलीभर पाणी ओतलं, मुलाला गाडी काढायला लावली आणि दवाखान्यापर्यंत माझा हात सोडला नाही. त्या दिवशी मी वाचले ती त्यांच्यामुळे.

दुसऱ्या दिवसापासून धुरी बंद. शेजारणी कुरकुरल्या, तशा मावशी कडाडल्या, "धूर करायचा तर माळावर जा! हितं माही लेक ऱ्हाती." रोगाची धास्ती त्यांनाही होती; घरात दोन नातवंडं होती. त्यांच्याकडे तेवढा एकच उपाय होता, तोही त्यांनी माझ्यासाठी सोडला. हे उपकार मी कुठे फेडू?

गेल्या वर्षी त्या गावी परतल्या. निघताना मी म्हणाले, "मावशी, माझ्या खोकल्यातून सुटलात बघा एकदाच्या."

त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "सुटका कशाची गं? पल्याडून तुहा खोकला आला, की म्हणायची, हाय पोरगी. मग मला झोप लागायची. आता तिकडं कसं कळावं मला?"