डावा डोळा, उजवा डोळा आणि आमचा थेंब

थ्रीडी अ‍ॅनिमेशनच्या धंद्यात काम कमी साठतं, किस्से जास्त! आमच्या पुंडलिकनगरच्या दोन खोल्यांच्या स्टुडिओत माणसं तीनच. मालक कुलकर्णी सर, गंगापूरचा अ‍ॅनिमेटर दत्ता आणि मी. गंगापूरच्या एका संस्थेनं शाळेच्या मुलांसाठी थ्रीडी फिल्म मागवली होती. पाण्याचा थेंब कपाशीच्या मुळातून बोंडापर्यंत जातो, एवढीच गोष्ट. पास झाली तर पुढच्या चार फिल्म्स आमच्या. नापास झाली तर पुन्हा लग्नाचे व्हिडिओ जोडत बसा! मला ते नको होतं. अजिबात नको होतं.

*

मशीन जुनं, म्हणून दत्ता प्रिव्ह्यूची, म्हणजे काम करताना दिसणाऱ्या कच्च्या चित्राची, क्वालिटी पावपट करून ठेवायचा. सर वैतागले, "हा थेंब आहे का खडीसाखर?"

"सर, प्रिव्ह्यू हाय हा. फायनल गुळगुळीत यील."

सरांना धीर कुठला! त्यांनी स्वतःच क्वालिटी फुल केली. पाच मिनिटं थेंब जागचा हलेना. सर मात्र खूश. "बघ, आता कसा देखणा दिसतोय!"

"दिसतोय की सर. पण चालायचं नाव नाय!"

*

थेंब प्रेक्षकांच्या अंगावर यायला हवा, म्हणून दत्तानं डाव्या आणि उजव्या डोळ्यासाठीच्या दोन कॅमेऱ्यांमधलं अंतर वाढवतच नेलं. छोट्या मॉनिटरवर झकास वाटायचं. मोठ्या पडद्यावर डोळे फुटतील, असं मी तीन दिवस सांगत होते. पठ्ठ्या ऐकेल तर शपथ!

शेवटी प्रोजेक्टर लावला, भिंतीवर फिल्म टाकली आणि शेजारच्या काकूंना चष्मा दिला. अर्ध्या मिनिटात काकूंनी तो काढून ठेवला. "दत्ता, माझा एक डोळा इकडं गुलमंडीला निघाला आणि दुसरा तिकडं स्टेशनला!"

दत्तानं मुकाट्यानं अंतर निम्मं केलं.

*

सर रोज चष्मा लावून बसायचे आणि सीन पास करायचे. "डेप्थ अप्रतिम!" मग एकदा त्यांनी डोळे तपासून घेतले. तेव्हा आम्हाला कळलं, लहानपणापासून त्यांचा एक डोळा जवळजवळ बंदच! थ्रीडी त्यांना कधी दिसलंच नव्हतं.

दत्ता हबकला. "मग सर, तुम्ही इतके दिवस पास काय करत होते?"

"तुमची तोंडं बघत होतो. तुम्ही दचकलात की सीन पास!"

*

आणि आता गंगापूरचा शो.

मुलांसाठी पुठ्ठ्याचे चाळीस चष्मे आम्हीच बनवले होते. लाल-निळा जिलेटिन कागद चिकटवला आणि थेट पेटीत भरले. घालून पाहिला एकानंही नाही! शाळेच्या हॉलमध्ये पडदे ओढले, फिल्म सुरू झाली आणि मुलं चष्मे काढू-घालू लागली. मी चष्मा लावला तर जवळचं मूळ लांब गेलेलं आणि मागची माती नाकाशी आलेली! लाल कागद डाव्या डोळ्याला हवा, आम्ही तो उजवीकडं चिकटवला होता. स्टुडिओत असतो तर सेटिंगमध्ये एक टिक करून डावं-उजवं बदललं असतं. इथं लॅपटॉपवर नुसती तयार फाइल. संस्थेचे अध्यक्ष आप्पा पहिल्याच रांगेत चुळबुळ करत होते.

तेवढ्यात दत्तानं फिल्म थांबवली आणि माइक घेतला. "पोरांनो, चष्मे काढा! काड्या उलट्या बाजूला दुमडा. आता मागची बाजू पुढं करून घाला, लाल डावीकडं यील!"

फिल्म पुन्हा सुरू झाली. थेंब मुळातून सुटला आणि सरळ हॉलमध्ये आला. चाळीस पोरं एकदम किंचाळली! शेवटी तर बाकांवर उभी राहून टाळ्या वाजवत होती. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

आप्पा उठून आमच्याकडं आले. "चारीबी फिल्मा तुम्हीच करा. फकस्त एक ध्यानात ठेवा."

"काय आप्पा?"

"ते मधीच थांबून चष्मा उलटा करायचं हाय ना, ते दरेक फिल्मला ठेवा. पोरांना लई आवडलं!"